सजल, जलीय आणि जलतापीय

प्रश्न असा आहे : इनेसाइट या खनिजाचे वर्णन ‘कॅल्शियम व मँगॅनीज यांचे सजल सिलिकेट’ असे केले जाते. डोळे सजल होतात, मेघ सजल असतात. पण हाताला कोरडा ठणठणीत लागणारा दगड सजल कसा? त्यापेक्षा ‘जलीय’ बरे नव्हे का?

माझ्या मते ‘सजल’च योग्य आहे. हा सहबहुव्रीही समास आहे. ‘सपत्नीक’ म्हणजे पत्नीसह असलेला, तसा ‘सजल’ म्हणजे जलासह असलेला, आणि ते जल वर दिसलेच पाहिजे अशी अट समासात कुठेही नाही. इनेसाइटमध्ये ते स्फटिकाच्या रचनेतच ठरावीक जागी बसलेले असते. त्याच्या सूत्रात मँगॅनीजच्या सात अणूंमागे पाण्याचे पाच रेणू आणि शिवाय हायड्रॉक्सिलचे (ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोडीचे, OH) दोन गट येतात. (हायड्रॉक्सिल म्हणजे काटेकोरपणे पाणी नव्हे, पण तेवढ्यावरही खनिजाला सजल म्हणण्याची रीत आहे.) पूड कोरड्या काचनळीत चांगली तापवली की नळीच्या वरच्या, थंड भागावर बारीक थेंब धरतात, सूत्रावरून हिशेब केला, तर 100 ग्रॅम खनिजामागे सुमारे 8 ग्रॅम पाणी भरते. ‘जलीय’ हा शब्द मात्र ‘पाण्यात केलेला’ या अर्थाने रुळला आहे, जसे मिठाचा जलीय विद्राव.

विरुद्धार्थी ‘निर्जल’साठी ऱ्होडोनाइट घ्यावे. तेही मँगॅनीजचे गुलाबी सिलिकेट, काठिन्यही तसेच, मोह्स मापश्रेणीवर 6 च्या आसपास. पण त्याचे विशिष्ट गुरुत्व 3.5 च्या आसपास किंवा त्याहून अधिक, तर सजल इनेसाइटचे जेमतेम 3.

इनेसाइट हे नाव 1887 सालचे, जर्मनीतील डिलेनबुर्गजवळच्या नान्त्सेनबाख येथील नमुन्यांवरून दिलेले. त्यामागचा ग्रीक शब्द मांसतंतूंचा आहे. एका बिंदूतून फाकणाऱ्या तंतूंचे मांसल गुलाबी झुबके पाहिले की तो पटतो, मात्र नमुना ताजा हवा, कारण उघड्यावर राहिल्यास रंग तपकिरी पडत जातो.

उत्पत्तीसाठी ‘जलतापीय’, म्हणजे उष्ण पाण्यातून घडलेले, हा तिसरा शब्द लागतो. मँगॅनीजच्या धातुकांमधील (ज्यांतून धातू काढतात त्या खनिजांमधील) भेगांतून उष्ण विद्राव फिरले आणि त्यांतून हे खनिज स्फटिकरूपाने साचले. दक्षिण आफ्रिकेतील कालाहारी मँगॅनीज क्षेत्रातल्या वेसल्स खाणीतले नमुने प्रसिद्ध आहेत. प्रश्नकर्त्याला अपेक्षित असलेले ओले, वाहते पाणी आहे ते या शब्दात.