ग्लेशियर बे: नुसतं मोजून देवमासा वाचतो का?

तुम्ही विचारलंय, की अलास्कातल्या ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं देवमासे, पक्षी, झाडं मोजतात, त्यानं प्रत्यक्षात काही वाचतं का.

वाचतं. मी सिअ‍ॅटलला राहते आणि तिथे दोनदा जाऊन आलेय, त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिलं तिथूनच सांगते.

उद्यानाच्या मुख्य ठाण्यावर, म्हणजे बार्टलेट कोव्हला, उतरलं की झाडीतल्या एका छपराखाली हंपबॅक देवमाशाच्या मादीचा अख्खा सांगाडा दिसतो, जवळपास १४ मीटर लांब. मी कवटीपासून शेपटीच्या शेवटच्या मणक्यापर्यंत चालत गेले, तर बरीच पावलं झाली. तिचं नाव स्नो. शेपटीवर बर्फ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, म्हणून स्नो. १९७५ पासून ती अभ्यासकांच्या ओळखीची होती. २००१ च्या जुलैत एका प्रवासी जहाजाच्या धडकेनं ती मेली. पोटात पिल्लू होतं.

ती कोण हे कळलं ते शेपटीमुळेच. प्रत्येक हंपबॅकच्या शेपटीची खालची बाजू वेगळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. खोल बुडी मारताना तो शेपूट वर उचलतो. तेवढ्या क्षणात फोटो काढायचा आणि जुन्या फोटोंशी ताडून पाहायचा. उद्यानाचे लोक १९८५ पासून दर उन्हाळ्यात हेच करताहेत. खाडीत आज दिवसाला दोनच मोठी प्रवासी जहाजं येऊ शकतात, आणि देवमासे असतील त्या पाण्यात वेग १३ नॉटवर, म्हणजे ताशी २४ किलोमीटरवर आणायला लावतात. जहाजांवरच्या या बंधनांची सुरुवात झाली ती १९७८ च्या उन्हाळ्यात देवमासे खाडी सोडून निघून गेले त्यामुळे. ते गेले हे लक्षात आलं, कारण उद्यानाच्याही आधीपासून कुणीतरी मोजत होतं.

पण मोजणीनं सगळंच थांबत नाही, हेही खरं. २०१४ ते २०१६ मध्ये प्रशांत महासागराच्या ईशान्य भागात पाणी विलक्षण तापलं, देवमाशांचं खाणं आटलं. २०१३ ते २०१८ या काळात इथले हंपबॅक निम्म्याहून कमी झाले, पिल्लंही फार थोडी दिसली. जहाजांचा कुठलाही नियम यावर पुरा पडला नसता. मला स्वतःला ही आकडेवारी वाचताना फार वाईट वाटलं. तरी दरवर्षीची यादी नसती, तर घट जहाजांमुळे की समुद्रामुळे, यावर नुसते वाद होत राहिले असते.

आणि मुळात हे उद्यानच मोजणीतून आलंय. विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९१६ साली हिमनदी मागे सरकून उघड्या पडलेल्या जमिनीवर एकेक चौरस मीटरचे तुकडे आखले आणि तिथे काय उगवतं याची नोंद ठेवली. त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे १९२५ साली या भागाला संरक्षण मिळालं. पुढे हरवलेले ते तुकडे ब्रायन ब्यूमा यांनी शंभर वर्षांनी, २०१६ साली, जुन्या टिपणांवरून पुन्हा शोधून काढले. काही ठिकाणी अजून विलोची झुडपंच ठाण मांडून होती. पाठ्यपुस्तकात लिहिलेल्या क्रमानं जंगल आलंच नव्हतं.

मला सगळ्यात भावलेली गोष्ट मात्र अंड्यांची आहे. ही खाडी हूना लिंगीत या इथल्या मूळ रहिवासी लोकांची. अठराव्या शतकात पुढे सरकलेल्या हिमनदीनं त्यांना इथून हुसकलं, बर्फ मागे गेल्यावर ते परत येऊ लागले, आणि नंतर उद्यानाच्या नियमांनी त्यांना सीगलची अंडी गोळा करायला मनाई केली. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत बंद पडली. मग संशोधकांनी घरटी मोजली, पुन्हा पुन्हा मोजली. सुरुवातीलाच अंडी उचलली तर पक्षी पुन्हा अंडी घालतो, वसाहतीला फारसा धक्का बसत नाही, असं दिसलं. २०१४ साली कायदा होऊन ही परवानगी परत मिळाली. हूना लिंगीतांची रीत आधीपासून हीच होती: घरट्यात एक-दोन अंडी असली तर घ्यायची, तीन असली तर हात लावायचा नाही, कारण मादी उबवायला बसलेली असते.