सर्जनच्या हाताला सेन्सर लावून त्याचं कौशल्य खरंच मोजता येतं का?

येतं, पण अर्धंच. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात यासाठी ‘आयसीसॅड’ ही यंत्रणा तयार झाली. दोन्ही हातांच्या पाठीवर छोटे विद्युतचुंबकीय सेन्सर बसवतात. टाके घालताना हात एकूण किती अंतर फिरला, हालचाली किती झाल्या, वेळ किती लागला, हे संगणक टिपतो. सरावलेला हात मोजक्या हालचालींत गाठ मारतो. शिकाऊ डॉक्टर सुई पुन्हा पुन्हा पकडत बसतो, ते आकड्यांत लगेच दिसतं. पण गाठ सैल राहिली का, टाका भलत्याच थरातून गेला का, हे या सेन्सरला कळत नाही. म्हणून सरावासाठी जरूर वापरा. पास-नापास मात्र अनुभवी सर्जननेच बघून ठरवावं. टोरांटोत १९९० च्या दशकात तयार झालेली ‘ओसॅट्स’ गुणपद्धत त्यासाठीच आहे.