ते वर्ष अर्जात लिहायचं का?

"मॅडम, आईच्या कॅन्सरचं लिहिलं तर दया मागितल्यासारखं दिसेल. आणि नाही लिहिलं तर तीन एटीकेटी कशा लागल्या ते कसं सांगू?" परभणीकडच्या एका मुलाने हे विचारलं, पण परदेशी विद्यापीठांत अर्ज करणाऱ्या कितीतरी मुलांच्या मनात हेच घोळत असतं. कुणाचे वडील गेलेले असतात, कुणाचं घर कर्जात बुडालेलं असतं, कुणी स्वतःच वर्षभर अंथरुणाला खिळलेलं असतं. या मुलाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून त्याची हकीकत सांगते.

मुलगा सिव्हिल इंजिनिअर. दुसऱ्या वर्षाला असताना आईला स्तनाचा कर्करोग निघाला. वडील एसटीत चालक, त्यांच्या रजा संपलेल्या. बहीण दहावीला. त्यामुळे आईला घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलला हाच गेला आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिला. केमोच्या आणि परीक्षेच्या तारखा एकमेकींवर आल्या, तीन विषय राहिले. पुढच्या वर्षी त्याने तिन्ही काढले, शेवटच्या वर्षी डिस्टिंक्शन मिळवलं. आता त्याला अमेरिकेत भूजलशास्त्रात एमएस करायचं होतं.

त्याचं स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हाच विषय का शिकायचा हे सांगणारं अर्जातलं निवेदन, दोन पानांचं होतं. त्यातलं दीड पान आईचं: निदान, केमो, केस गळणं, रात्री उशिरा तिचं रडणं. भूजलाचा उल्लेख शेवटच्या सहा-सात ओळींत. मी त्याला ते मोठ्याने वाचायला सांगितलं. तिसऱ्या परिच्छेदाला त्याचा आवाज अडकला. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, भूजलच का?

मग तो जे बोलायला लागला ते थांबेना. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्ये आणि खडक झिजलेल्या थरात साठतं, म्हणून पन्नास फुटांच्या अंतरावर दोन बोअर घेतले तर एकाला पाणी लागतं आणि दुसऱ्यातून नुसता फुफाटा उडतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी त्याने गावातल्या विहिरींची पातळी स्वतः टेप सोडून मोजली होती. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी ती ताडून पाहिली होती. हे सगळं सांगताना तो टेबलावर बोटाने भेगा काढून दाखवत होता. आणि यातलं एक अक्षर त्या दोन पानांत नव्हतं!

मला काळजी वाटते ती याची. दुःख लिहिलं म्हणून अर्ज पडत नाही. दुःखाने सगळी जागा घेतली आणि विद्यार्थी दिसेनासा झाला, तर पडतो. प्रवेश समितीपुढे गुणपत्रिका असतेच, त्यातला खड्डा तिला दिसतो. त्याबद्दल तुम्ही गप्प राहिलात तर वाचणारा स्वतःच्या मनाने कारण लावणार, आणि ते बहुधा तुमच्या बाजूचं नसणार. म्हणून खड्ड्याचं कारण सांगायचं. पण खड्डा एका सेमिस्टरचा असेल तर खुलासाही तेवढ्याच मापाचा हवा.

आम्ही तो आधी मराठीत लिहिला. मनातलं मराठीत उतरलं की काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे मुलांना चटकन कळतं, असा माझा अनुभव आहे. शेवटी उरलं ते असं: "दुसऱ्या वर्षी आईवर मुंबईत कर्करोगाचे उपचार सुरू होते आणि तिच्यासोबत राहण्याची जबाबदारी माझ्यावर होती. त्या सेमिस्टरला मी तीन विषयांत अनुत्तीर्ण झालो. आई बरी होऊन घरी आल्यावर पुढच्या वर्षात मी तिन्ही विषय सोडवले. त्यानंतरच्या माझ्या गुणपत्रिका सोबत आहेत." एवढंच. काय झालं, कधी झालं, अभ्यासावर काय परिणाम झाला, पुढे काय केलं. विशेषणं नाहीत, माफी नाही. बाकीचं दीड पान विहिरींना मिळालं.

हे लिहायला बऱ्याच अर्जांत वेगळी जागा असते, ती आधी शोधावी. बारावीनंतर अमेरिकेत जाणाऱ्यांच्या कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंतचा असतो, आणि अडचणींबद्दल सांगायला २५० शब्दांची स्वतंत्र, ऐच्छिक जागा आहे. ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज यूकास या संस्थेमार्फत जातात; तिथे २०२६च्या प्रवेशापासून पर्सनल स्टेटमेंट (स्वतःबद्दलचं निवेदन) तीन प्रश्नांत विभागलंय, सगळं मिळून ४००० अक्षरांत बसवायचं. तिथे घरच्या परिस्थितीमुळे गुण घसरले असतील तर ते शाळा-कॉलेजच्या शिफारशीत लिहायला वेगळा भाग आहे. म्हणजे हे ओझं एकट्या मुलाने वाहायची गरज नाही. या परभणीकडच्या मुलालाही मी शिफारसपत्रासाठी त्याच्या विभागप्रमुखांकडे पाठवलं. "या मुलाची अडचण आम्हाला माहीत होती आणि परत आल्यावर त्याने मागे पडलेलं काम भरून काढलं", हे वाक्य सरांच्या पत्रात आलं की त्याला वेगळं वजन येतं.

काही ठिकाणी मात्र प्रश्नच आयुष्याबद्दल असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठात पदवीसाठी आठांपैकी चार प्रश्न निवडून प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तर द्यावं लागतं. त्यातला एक थेट विचारतो: सर्वांत मोठी अडचण कोणती, तिच्यावर मात करायला तुम्ही काय केलंत, अभ्यासावर काय परिणाम झाला? पदव्युत्तर अर्जातही तिथले अनेक विभाग पर्सनल हिस्टरी (स्वतःच्या जडणघडणीचं निवेदन) वेगळी मागतात. तिथे या मुलाने धर्मशाळेचं लिहिलं. आईच्या रडण्याचं नाही, स्वतः काय केलं त्याचं. विदर्भातून, बिहारमधून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना तो फाइलीतल्या नोंदी समजावून सांगायचा, कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा ते दाखवायचा, सकाळी रक्ततपासणीच्या रांगेत त्यांच्यासोबत उभा राहायचा. हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यालाही वाटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट राहून जाते. आजार आईचा होता, तेव्हा तिला विचारणं भाग होतं. तो संकोचत होता, पण फोन लावला. माऊली म्हणाली, "आजारपणाचं लिही बाबा, खरंच हाय ते. पण मी रडले ते कशाला सांगतूस परक्याला?" तिने एका वाक्यात जे गाळलं, ते गाळायला आम्हाला दोन बैठका लागल्या असत्या.

न लिहिण्याचाही हक्क असतो, हे मी प्रत्येकाला सांगते. घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, स्वतःचं नैराश्य यांबद्दल लिहायला कुणी बांधील नाही. गुणपत्रिकेचा खुलासा द्यायचाच असेल तर "त्या काळात प्रकृतीच्या गंभीर कारणामुळे अभ्यास खंडित झाला, आता मी नियमित अभ्यास करू शकतो" एवढं पुरतं. उपचार अजून चालू असतील, जखम ओली असेल, तर ते आपल्या डॉक्टरशी बोलावं. प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य कक्षाला स्वतंत्रपणे कळवता येतं. मुलाखतीत अनोळखी माणसाने त्यावर प्रश्न विचारला तर शांतपणे चार वाक्यं बोलता येतील का, हे आधी घरी करून पाहावं. येत नसेल तर ते अर्जातही नको. आणि लिहिता लिहिता झोप उडाली, जुनं सगळं उसळून आलं, तर लेखन तिथेच थांबवावं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

पालकांनाही सांगते: मुलाच्या अर्जात घरचं दारिद्र्य गडद करून लिहायला लावू नका. वाचणाऱ्याला ते कळतं, आणि मुलाला त्याची आतून लाज वाटत राहते.

अर्ज डिसेंबरमध्ये गेले. काही नकार आले, एका ठिकाणाहून व्हिडिओ मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथल्या प्राध्यापकांनी आईबद्दल एकच विचारलं, आता त्यांची तब्येत कशी आहे. उरलेला सगळा वेळ विहिरींवर गेला. पावसाळ्यापूर्वी मोजलेल्या काही विहिरी पावसाळ्यानंतर का मोजल्या नाहीत, यावर त्यांनी त्याला चांगलंच धरलं. त्या विहिरींना सप्टेंबरात झाकणं बसवून कुलपं लावली होती, हे त्याने सांगितलं, आणि बोलणं पुढे गावातल्या पाणीवाटपावर गेलं. महिन्याभराने प्रवेशाचं पत्र आलं.