नव्या टॅबच्या तक्रारी

प्रश्न : टॅबची स्क्रीन फुल एचडी आहे, यूट्यूब स्वच्छ दिसतं. नेटफ्लिक्स लावलं की मात्र चित्र पुसट. टॅब बिघडलाय का?

उत्तर : बिघडलेला नाही. चित्रपटांची नक्कल होऊ नये म्हणून अँड्रॉइडवर गूगलचं ‘वाइडवाइन’ नावाचं कुलूप असतं. एल१ पातळीच्या टॅबमध्ये ते प्रोसेसरच्या सुरक्षित भागात उघडतं, एल३मध्ये नुसत्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर. एल३वर नेटफ्लिक्स एचडी देत नाही, प्लॅन कितीही महागाचा असो. यूट्यूबच्या साध्या व्हिडिओंना हे कुलूपच नसतं. नेटफ्लिक्सच्या ॲप सेटिंग्जमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ उघडा, पातळी तिथे लिहिलेली असते. एल३ दिसलं तर सेटिंग्जशी झटापट नको, आपल्या हातात काही नाही. खोक्यावर ‘फुल एचडी’ ठसठशीत छापतात आणि ही गोष्ट गिळून टाकतात, याचा मला जाम राग येतो. सिनेमे पाहायलाच घेतला असेल, तर मुदतीत परत करा.

प्रश्न : ६४ जीबीचा टॅब, पण काही टाकण्याआधीच बरीच जागा भरलेली. नको असलेली ॲप्स अनइन्स्टॉलही होत नाहीत.

उत्तर : अँड्रॉइड आणि कंपनीनं आधीच भरलेली ॲप्स याच ६४मधून जागा घेतात. त्यातली बरीचशी सिस्टिमच्या विभागात असतात, तिथलं पुसायची आपल्याला मुभा नाही. ती ‘डिसेबल’ करा. मूळ ॲप राहतं, पण त्यावर चढलेले अपडेट काढता येतात आणि तेवढी जागा सुटते. फोटो, व्हिडिओ खुशाल मेमरी कार्डावर न्या. कार्ड आतल्या स्टोरेजसारखं वापरायची सोय अँड्रॉइड ६मध्ये (२०१५) आली, पण अनेक कंपन्या ती बंद ठेवतात.

प्रश्न : रॅम ‘४+४ जीबी’ आहे. तरी ब्राउझरमधून दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन आले, तर पान पुन्हा लोड झालं आणि अर्धा भरलेला फॉर्म गेला!

उत्तर : दुसरे ४ उसनवारीचे. स्टोरेजचाच तुकडा रॅम म्हणून वापरतात, आणि रॅमपुढे स्टोरेज म्हणजे बैलगाडी. रॅम कमी पडली की अँड्रॉइड मागचं ॲप बंद करतं. मोठा मजकूर आधी नोट्समध्ये लिहा, मग फॉर्मात पेस्ट करा.

प्रश्न : नवं अँड्रॉइड कधी येईल?

उत्तर : स्वस्त टॅबला बहुधा येणारच नाही. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख बघा. ती दोन-तीन वर्षं मागे असेल, तर बँकेचं ॲप त्या टॅबवर ठेवू नका.