जिनिंगच्या वेब ॲपमध्ये कटतीचं (ओलावा वगैरेसाठी भावात होणाऱ्या कपातीचं) सूत्र मालकालाच लिहू द्यायचं आहे. इव्हॅल (मजकूर थेट कोड म्हणून चालवणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) वापरू की सूत्रं सोडवणारी तयार लायब्ररी?

तुम्ही लिहिलंय की जळगाव-धरणगाव पट्ट्यातल्या जिनिंगांसाठी कापूस खरेदीचं ॲप करताय, मागे सर्व्हरवर नोड (जावास्क्रिप्ट) आहे आणि प्रत्येक मालकाची कटती वेगळी. मीही धुळ्यात बसून हेच काम करतो, म्हणून सांगतो: इव्हॅल नको.

सर्व्हरवर इव्हॅल चालवलं की सूत्राच्या रकान्यातून कोणीही डेटाबेसचा पासवर्ड वाचू शकतो. ब्राउझरमध्ये चालवलं तरी सुटका नाही. एकाने साठवलेलं सूत्र दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये चालतं. घातक शब्द गाळून भागेल असं वाटत असेल तर अँग्युलरजेएस या वेब फ्रेमवर्कचं उदाहरण बघा. त्यांनी एक्स्प्रेशनभोवती सँडबॉक्स (कोडला बाहेर हात घालू न देणारं कुंपण) घातला होता, लोक तो पुन्हा पुन्हा फोडत राहिले, आणि २०१६ मध्ये १.६ आवृत्तीत त्यांनी तो काढूनच टाकला.

लायब्ररी घेतली म्हणजे निर्धास्त, असंही नाही. एक्स्प्र-इव्हॅल छोटी आणि सुटसुटीत, पण २०२५ मध्ये तिच्यातच बाहेरचा कोड चालवू देणारी गंभीर त्रुटी जाहीर झाली. मी मॅथ.जेएस वापरतो. ती जरा अवजड आहे. मॅट्रिक्स, एककं असं आपल्याला न लागणारं बरंच काही तिच्यात येतं. पण इम्पोर्ट, क्रिएटयुनिट, इव्हॅल्युएट, पार्स, सिम्प्लिफाय, डेरिव्हेटिव्ह ही फंक्शनं सूत्रातून बंद करा असं तिच्या माहितीपत्रातच सांगितलंय. ते करा, सूत्राच्या लांबीला मर्यादा घाला, आणि गणित वेगळ्या वर्कर थ्रेडमध्ये वेळेचं बंधन घालून चालवा.

खरा घोळ देवनागरीचा. मालकाला असं लिहायचं असतं:

वजन * दर * (१ - कमाल(०, ओलावा - ८) / १००)

सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव धरते, पुढे १२ टक्क्यांपर्यंत टक्क्यागणिक कपात करते. त्याच धर्तीवरचं हे सूत्र. मॅथ.जेएस नावांमध्ये लॅटिन, ग्रीक वगैरे अक्षरं घेते, देवनागरी घेत नाही. पार्सरचं (सूत्र वाचून त्याचे घटक ओळखणाऱ्या भागाचं) इजअल्फा हे फंक्शन बदलून देवनागरीचा युनिकोड पट्टा आत घेता येतो. मात्र सगळा पट्टा घेतलात तर ०-९ हे अंकही अक्षरं ठरतात आणि '१००' नावाचं चल सापडत नाही अशी तक्रार येते. म्हणून अंक आधी इंग्रजीत बदलून घ्या. उलट नुसती 'अक्षरं' घेतलीत तर काना-मात्रा बाहेर राहतात.

त्याहून चिवट म्हणजे 'व्यापाऱ्याचा_दर'. त्यातला ऱ्या कोणी ऱ वापरून टाइप करतो, कोणी साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक (झेडडब्ल्यूजे) वापरून. दिसायला सारखंच, संगणकाला दोन वेगळी नावं. एकच अक्षर वेगवेगळं लिहिलं तर एकसारखं करणाऱ्या युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणानेही हे जुळत नाही, स्वतः बदलून घ्यावं लागतं. मी शेवटी नावं टाइप करू देणंच बंद केलं. रकान्यावर वजन, दर, ओलावा अशी बटणं ठेवली. बटण दाबलं की नाव सूत्रात येतं आणि आत वेगळाच साधा संकेत साठतो. मुनीमजींना 'हाई काय शे?' असं विचारायची वेळ येत नाही.

पैशांसाठी मॅथ.जेएसमधला बिगनंबर (दशांश अचूक ठेवणारा संख्याप्रकार) चालू करा, नाहीतर ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. चलांच्या किमतीही बिगनंबर म्हणूनच द्या. 'कमाल'ला मॅथ.जेएसचंच मॅक्स जोडा, जावास्क्रिप्टचं जोडू नका. रुपया-पैशात पूर्णांकन शेवटी एकदाच.

सूत्र साठवतानाच पार्स करा, अनोळखी नाव असेल तर तिथेच अडवा, आणि १० क्विंटल, ११ टक्के ओलावा असा नमुना हिशोब मालकाला दाखवा. प्रत्येक बिलासोबत त्या दिवशीचं सूत्र जसंच्या तसं ठेवा. मालक हंगामात कटती बदलतोच, आणि जुनी पावती घेऊन आलेल्या शेतकऱ्याला आकडा त्या दिवशीच्याच हिशोबाने निघालेला दाखवता आला पाहिजे.

आणि सगळ्या मालकांच्या कटतीत फरक फक्त दोन-तीन आकड्यांचाच असेल, तर लायब्ररीच्या फंदातही पडू नका. तीन रकाने द्या, काम संपलं.