लंजेस करताना तोल जातो, गुडघा दुखतो? पाऊल मागे टाकून बघा

ताई, दिवसभर शिलाई मशीनवर बसून काम, घर तिसऱ्या मजल्यावर, जिना चढताना मांड्या थरथरतात. म्हणून व्हिडिओ बघून लंजेस (एक पाऊल पुढे टाकून दोन्ही गुडघे वाकवत खाली जायचं आणि परत उभं राहायचं) सुरू केले तर तोल जातो आणि पुढचा गुडघा दुखतो, असं तुम्ही लिहिलंय. व्यायाम योग्यच निवडलाय. फक्त पाऊल पुढे न टाकता मागे टाका.

पुढे पाऊल टाकलं की अंगाचं वजन एकदम त्या पायावर येतं. ते थोपवायचं आणि लगेच उलटं ढकलून मागे यायचं, हे नवख्या पायाला जड जातं. मागे पाऊल टाकताना पुढचा पाय जागेवरच राहतो आणि वजन त्याच्यावर सावकाश येतं. गुडघ्याला हे बरंच सोसतं.

आता तोल. बहुतेक जण दोन्ही पावलं एका रेषेत ठेवतात, दोरीवर उभं राहिल्यासारखी. मीही सुरुवातीला दोन महिने हेच करत होतो आणि पायात जोरच नाही असं समजत होतो. घरात शहाबादी फरशी असेल तर दोन फरशांची सांध दोन्ही पायांच्या मधोमध घेऊन उभ्या राहा. उजवा पाय सांधेच्या उजवीकडे, डावा डावीकडे, आणि मागे जातानाही कोणी सांध ओलांडायची नाही. पाय अनवाणी हवेत, मोजे घसरतात. एक हात भिंतीला असू द्या, त्यात कमीपणा नाही.

मागचा गुडघा जिथे येतो तिथे आपली सोलापुरी चादर जाड घडी करून ठेवा. माझ्या आईनं चौसष्टाव्या वर्षी सुरुवात केली तेव्हा दोन चादरी आणि वर उशी ठेवली होती. गुडघा उशीला टेकला की वर. पुढे उशी गेली, मग एक चादर गेली. गुडघा आपटायचा नाही, झोपलेल्या बाळाला हात लावावा तसा टेकवायचा. खाली जाताना श्वास घ्या, वर येताना सोडा.

वर येताना पुढच्या पायाची टाच फरशीत दाबा. टाच उचलली जात असेल तर पाऊल आखूड पडतंय, थोडं आणखी मागे टाका. पुढचा गुडघा आत झुकू देऊ नका, तो अंगठ्याशेजारच्या बोटाच्या दिशेनं राहायला हवा. तुमचा गुडघा बहुधा इथेच दुखावतोय, म्हणून दोन-चार दिवस आरशासमोर करा.

प्रत्येक पायाला ६ वेळा, मध्ये मिनिटभर थांबून पुन्हा ६. आठवड्यातून तीनदा, एक दिवस आड. दोन आठवड्यांनी ८, मग १०. पहिल्याच दिवशी २० काढायची घाई करू नका. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी लवकरच उरकून घ्या.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि कुल्ले भरून आले तर घाबरू नका, ते स्नायूंचं दुखणं, आपोआप ओसरतं. पण गुडघ्याच्या सांध्यातच कळ येत असेल, सूज असेल किंवा गुडघा मध्येच अडकत असेल तर व्यायाम थांबवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

तुमचा गुडघा वाटीच्या पुढच्या बाजूला दुखतो की आतल्या, आणि जिना उतरताना जास्त की चढताना, तेवढं लिहा. त्यावरून पाऊल किती लांब टाकायचं ते सांगता येईल.