झोपताना प्रोटीन घ्यायचं का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: रात्री नऊला जिमला जातो, वजन ७० किलो. ट्रेनर म्हणतो झोपताना केसीन (दुधातलं हळू पचणारं प्रोटीन) घे, नाहीतर रात्रीत मसल जळतात. खरंय का?

जळत-बिळत काही नाहीत, निवांत झोप. पण मुद्दा अगदीच हवेतला नाहीये. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात २०१२ साली १६ तरुण पोरांकडून संध्याकाळी वजनं उचलून घेतली आणि त्यातल्या निम्म्यांना झोपायच्या आधी ४० ग्रॅम केसीन पाजलं, तर त्यांच्या स्नायूंची रात्रभराची बांधणी बाकीच्यांपेक्षा साधारण २२ टक्के जास्त निघाली. मग २०१५ मध्ये ४४ जणांना १२ आठवडे व्यायाम करायला लावून बघितलं, तिथेही रात्री प्रोटीन घेणाऱ्यांची ताकद आणि स्नायू दोन्ही जास्त वाढले. प्रोटीन पावडरचे डबे विकणारे इथेच थांबतात. मेख अशी की प्रोटीन न घेणाऱ्या गटाला रात्री नुसतं बिनकॅलरीचं पेय होतं, म्हणजे त्यांचं दिवसाचंच प्रोटीन कमी, वजनाच्या किलोमागे १.३ ग्रॅम, आणि जिंकणाऱ्यांचं १.९. मग कमाल रात्रीची की जास्त खाल्ल्याची?

तुला दिवसाला किलोमागे १.६ धरून ११२ ग्रॅम लागतील. सकाळी पोहे, डब्यात पोळी-भाजी, रात्री वरण-भात, एवढ्यावर बहुतेक जण ५०-५५ च्या पुढे जात नाहीत. तो खड्डा आधी भर, त्यातला एक घास रात्री झोपताना टाकलास तर उत्तमच.

प्रश्न: व्हे (दुधाच्या निवळीतलं प्रोटीन) घरात आहे, आता केसीनचा वेगळा डबा आणू का?

नको. दुधातलं ८० टक्के प्रोटीन केसीनच असतं की. ते पोटातल्या आम्लात गेलं की दूध नासल्यासारखं त्याच्या गुठळ्या होतात आणि हळूहळू कित्येक तास झिरपत राहतं, व्हे पटकन पचतं, एवढाच फरक. आणि २०२३ मध्ये मास्ट्रिख्टवाल्यांनीच संध्याकाळच्या सायकलिंगनंतर ४५ ग्रॅम व्हे आणि ४५ ग्रॅम केसीन समोरासमोर ठेवलं तर दोन्ही सारखेच निघाले!

मी स्वतः काय करतो सांगू? सकाळी अर्धा किलो दही पंचात बांधून नळाला टांगतो, खाली पातेलं. संध्याकाळपर्यंत पाव किलोच्या आसपास घट्ट चक्का उरतो, त्यात १३-१५ ग्रॅम प्रोटीन, बहुतेक सगळं केसीनच. साखर घातली की श्रीखंड होतं आणि मग वाटी कुठे थांबते, म्हणून मी मीठ-जिरेपूड घालतो. पातेल्यातलं पाणी कणकेत, त्यात पण थोडं व्हे असतंच.

प्रश्न: हॉस्टेलला राहते, फ्रिज नाही, बजेट पण नाही.

केटल आहे ना? ५० ग्रॅम सोया चंक्स उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेव, घट्ट पिळून पाणी टाक, वरून चाट मसाला-लिंबू. २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन झालं. कंटाळा आला की चार उकडलेली अंडी, तेवढंच. फुटाणे मूठभर चांगलेच पण त्यात १० ग्रॅमवर फार जात नाही, आणि रात्री खाऊन रूममेटला त्रास झाला तर मला सांगू नकोस.

प्रश्न: बाबा ६४ वर्षांचे, रोज पर्वतीची टेकडी चढतात, रात्री कपभर दूध घेतात. तेवढं पुरे?

कपभर दुधात ६-७ ग्रॅम असतं. वय वाढलं की स्नायू जागे व्हायला प्रोटीनचा डोस मोठा लागतो, २०१७ च्या एका प्रयोगात ज्येष्ठ पुरुषांना झोपताना ४० ग्रॅमने फरक पडला, २० ने तसा पडला नाही. पण ६४ व्या वर्षी रात्री ४० ग्रॅम कोण खाणार हो? त्यापेक्षा त्यांचा नाश्ता सुधारा, चहा-बिस्किटाऐवजी मुगाचं धिरडं आणि आत पनीर किसून. पर्वतीसोबत आठवड्यातून दोनदा थोडी वजनं पण उचलू द्या, नुसत्या दुधाने मांड्या भरत नाहीत. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) वाढलेलं असेल तर मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्रश्न: रात्री काही खाल्लं की ॲसिडिटी होते.

मग नका खाऊ. जेवण झोपायच्या अडीच-तीन तास आधी उरका आणि त्याच ताटात पनीर, अंडी नाहीतर उसळ वाढवा, काही बिघडत नाही.